बेस वाजवणारा पाहिजे

शहागंजात वाजिंत्रांच्या दुकानाच्या दारावर कुणीतरी कागद चिकटवला होता. ‘हॉटेलातल्या बँडसाठी बेस वाजवणारा पाहिजे. केशव, समर्थनगर.’ पडेगावचा कडूबा तिथं बेंजोच्या तारा घ्यायला गेलेला. त्यानं कागद वाचला, परत वाचला, आणि गड्याची छाती फुगली. आता आपल्याकडं बेस म्हणजे काय? भाजी बेस झाली, सोयरीक बेस जमली, पाऊस बेस पडला. बेस म्हणजे झकास! ह्या लोकांना झकास वाजवणारा पाहिजे होता, आणि कडूबा झकास वाजवतो हे पडेगावातलं शेंबडं पोरगंही सांगेल. सांगा बरं, त्याचं काय चुकलं? तुम्ही असता तर तुम्हीही गेला असता.

कडूबाचं वाद्य बेंजो. टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचा तो. वरातीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहून कडूबा असं गाणं काढायचा की नवरदेवाची आजी कमरेवर हात ठेवून दोन पावलं टाकून जायची. पण मेला तो डीजे आला आणि बेंजो पार्ट्या बसल्या. कडूबाचीही बसली. आता वाळूजच्या कंपनीत खोकी भरायची आणि सुट्टीच्या दिवशी भावाच्या शेतात राबायचं, एवढंच उरलं. थोरला भाऊ कारभारी येता-जाता म्हणायचा, “टाक ते डबडं माळ्यावर.” कडूबा बेंजो पुसून परत खुंटीला लावायचा. खोकी भरणारे तर कंपनीत ढिगानं होते. वाजवणं सुटलं तर कडूबा म्हणून काही उरणारच नव्हतं, अन् ह्याची त्याला लई भीती वाटायची.

रविवारी बेंजो कापडात गुंडाळून तो समर्थनगरला गेला. केशव बँकेत नोकरीला, गोरापान, चष्मेवाला, बोलायला मऊ. संध्याकाळी हॉटेलात गिटार घेऊन गायचा. त्याच्या गच्चीवर लक्ष्मण नावाचा ड्रमवाला बसलेला.

“बेस वाजवता?” केशवनं विचारलं.

कडूबा लाजला. आपल्या तोंडानं आपली तारीफ कशी करायची? “लोकं म्हणत्यात, साहेब.”

“कुठं कुठं वाजवलाय?”

“पडेगाव, दौलताबाद, पार वेरूळलोक.”

“वेरूळला बेस?” केशवला नवल वाटलं.

“वेरूळला तर लईच बेस!”

केशव खूश होऊन आत गेला आणि चार जाडजूड तारांची एक भलीमोठी गिटार घेऊन आला. तोवर कडूबानं कापड सोडून बेंजो मांडीवर घेतला होता. केशव बेंजोकडं बघतोय, कडूबा गिटारीकडं बघतोय. लक्ष्मणाच्या डोक्यात आधी उजेड पडला. तो असा हसत सुटला की काठ्या हातातून गळाल्या.

“अहो, बेस म्हणजे हे!” केशव गिटार वर करून म्हणाला. “ह्या गिटारीचं नाव बेस.”

“मंग तसं लिहायचं ना कागदावर,” कडूबा म्हणाला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या त्याच्या. तो बेंजो गुंडाळायला लागला.

पण केशवलाही गरज होती. त्याचा आधीचा वाजवणारा पुण्याला पळालेला. तो म्हणाला, “आलाच आहात तर बघा हात लावून. ह्या तारेवर इथं बोट ठेवा, आणि लक्ष्मणाच्या ठोक्याबरोबर नुसतं हेच छेडत राहा.” कडूबा छेडत राहिला. मधेच लक्ष्मण घाईला आला, पण कडूबा जागचा हलला नाही. वरातीत पुढं बैल उधळो की नवरदेवाचा मामा, ट्रॉलीवरच्या माणसाला चाल सोडता येत नसते. केशवनं मान हलवली. “महिनाभर बघू. जमलं तर पक्कं.”

झालं, पडेगावात बातमी फुटली की कडूबा हाटेलात गिटार वाजवायलाय. कारभारीनं माळ्याचं नाव काढणं सोडलं. आईला मात्र हाटेल म्हणजे भोजनालय असं सांगितलं, कारण जालना रोडवरच्या त्या हाटेलाच्या बागेत लोक जेवणाआधी बाटल्या उघडतात हे त्या माउलीला कशाला सांगा?

पण खुद्द कडूबाचं डोकं पार बधिर झालं होतं. बेंजोवर कसं, गाणंच त्याच्या हातात असायचं. इथं गाणं केशवकडं, ठोका लक्ष्मणाकडं, आणि ह्याच्याकडं काय? ढुम्म, ढुम्म. पुन्हा ढुम्म. गाण्यात नाचू नये, रडू नये, वळू नये. ही काय वाजवायची रीत झाली? गाणं संपलं की लोक केशवकडं बघून टाळ्या वाजवायचे. एकदा तर टेबलावरच्या एका साहेबानं कडूबालाच पाणी आणायला सांगितलं.

त्यानं केशवला विचारलं, “मपला आवाज थोडा वाढवू का?”

“नको, नको. बेस वेगळा ऐकू यायला लागला की बिघडलंच.”

आता ह्याला काय म्हणावं? ऐकू यायचं नाही तर वाजवायचं कशाला? कडूबा घरी जाईपर्यंत ह्याचाच विचार करत राहिला आणि त्याला काही उलगडलं नाही.

मग एका शनिवारी आशाबाई, म्हणजे त्याची बायको, ठेवणीतलं लुगडं नेसून ऐकायला आली. केशवनं तिला बायकामुलांच्या बाजूला, झाडाखालच्या टेबलावर बसवलं. तिनं पदर सावरून सगळं ऐकलं. घरी जाताना कडूबाला दम निघेना.

“बोल की. कसं झालं?”

“गाणं चांगलं व्हतं. पर तुमी त्याच्यात कुठं व्हता?”

“मी कुठं व्हतो म्हंजे? डोळे फुटले व्हते का तुपले?”

“बोटं हालताना दिसत व्हते. आवाज कोणता तुमचा, ते कळंना.” ती बिचारी खरंच विचारत होती. “खरंच वाजतं का व्हो ते?”

कडूबाला असं लागलं म्हणता! धुळीचं निमित्त करून डोळे पुसावे लागले त्याला. परक्यानं म्हटलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. तिथंच रस्त्यात त्यानं ठरवलं की महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आशाला आपण ऐकवायचंच. त्याच दिवशी केशव पक्कं की कच्चं ते सांगणार होता. दोन्ही कामं एका दमात होतील, असं त्या शहाण्याला वाटलं.

तो शनिवार आला. दिवेलागणीला बाग भरली, आशाबाई झाडाखाली येऊन बसली, वेरूळ बघून आलेले गोरे पाहुणेही बसले होते. केशवनं एक जुनं, संथ गाणं धरलं. पहिलं कडवं संपलं आणि कडूबानं आवाजाचं बटण पार पिळलं. त्या जाड तारांवर त्यानं सरळ गाण्याची चालच काढली, बेंजोवर काढावी तशी, मुरक्या-बिरक्यांसकट. लोक माना वळवून बघायला लागले. गोऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. टाळ्या पडल्या, आणि ह्या टाळ्या कडूबाच्याच होत्या, त्यात वाद नाही. आशाबाई उभी राहिली होती. इकडं केशवचा सूर कुठं गेला त्याचा त्याला पत्ता नव्हता, आणि लक्ष्मण ठोका चाचपडत होता.

मध्यंतरात केशवनं त्याला बाजूला घेतलं. चिडला असता तर बरं, पण तो मऊच बोलला. “कडूबा, आज तू बेस वाजवलंस. पण बेस काही वाजवला नाहीस. उद्यापासून येऊ नकोस.”

कडूबाला अर्थ लागायला वेळ लागला. तारीफ पहिली ऐकू आली आणि बाकीचं मागून. तो झाडाखाली येऊन बसला. आशाबाईचा चेहरा नुसता फुललेला. “आज ऐकलं व्हो! समदं ऐकलं!” लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच टाळ्यांपायी आपलं वाजवणं गेलं, हे कसं काय झालं? त्यानं चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

तेवढ्यात वर मंचावर गाणं सुरू झालं. नुसते केशव आणि लक्ष्मण. कडूबानं ऐकलं आणि त्याची मान आपोआप वर झाली. लक्ष्मणाचा ठोका पळायला लागला होता, केशव त्याच्या मागं पळत होता. गाणं तेच, गळा तोच, पण कुठं टेकावं ते त्या गाण्याला कळत नव्हतं.

आशाबाईनं कपाळाला आठी घातली. “कामून असं उपाशीपोटी गायल्यावानी गायलेत हे लोकं? काय झालं ह्यांला?”

“मी नाय त्याच्यात,” कडूबा म्हणाला. बोलला आणि स्वतःच दचकला. महिनाभर तो त्या गाण्यात स्वतःला हुडकत होता, आणि सापडला तो चहाच्या टेबलावर बसून! त्याला हसू आलं, रडू आलं, आणि केशवचा राग आला की शहाण्यानं हे सोप्या शब्दांत आधी का नाही सांगितलं. “बैस इथं,” आशाबाईला एवढंच बोलून तो उठला.

टेबलांमधून वाट काढत तो वर चढला. कुणी बोलावलं नव्हतं. कोपऱ्यात टेकवलेली गिटार त्यानं गळ्यात घातली, पिळलेलं बटण मागं फिरवलं, लक्ष्मणाकडं बघितलं, आणि ठोक्यावर एक खालचा स्वर ठेवला. मग तोच पुन्हा. लक्ष्मण सावकाश झाला. केशवनं मागं वळून बघितलं नाही, पण त्याचे आवळलेले खांदे खाली आले आणि त्यानं पुढची ओळ घाई न करता म्हटली.

गाणं संपलं. लोकांनी केशवकडं बघून टाळ्या वाजवल्या. गोऱ्यांपैकी एकानंही कडूबाकडं ढुंकून पाहिलं नाही. तो गिटार धरून तसाच उभा होता. उतरावं की थांबावं, उतरताना हात जोडावेत की नकोत, काहीच समजत नव्हतं त्याला.

केशवनं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि पाठमोराच, फक्त बँडवाल्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “पुढचं गाणं काळी दोनच्या पट्टीत आहे रे, कडूबा.”