नखाखालचं हिरवं

मामा दर रविवारी ब्लेडनं नखं कापत, फक्त उजव्या अंगठ्याचं तेवढं सोडून. ते नख जाड, पिवळट आणि टोकाला जरा वाकलेलं होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किळस आली होती. मग माझ्यादेखत ते रोपाच्या एका वाळक्या काडीशेजारी उकिडवे बसले, त्या नखानं काडीची साल जराशी खरवडली, आणि आत पोपटी रंगाची एक बारीक रेघ दिसली. "जित्तं हाय," ते म्हणाले आणि माझ्याकडं न बघता पुढच्या काडीकडं सरकले.

मामा वनखात्यात मजूर होते. निवृत्त होऊन गावी परतले, आणि मग साऱ्या गावाचेच मामा झाले. गाव राधानगरीच्या वरच्या अंगाला. गावाला देवराई आहे, हिरड्याची, जांभळाची, अंजनीची. देवाच्या भीतीनं तिथं कुऱ्हाड लागत नाही, पण वणव्याला देवाची भीती नसते. दर उन्हाळ्यात आग राईच्या कडेला चाटून जाई आणि राई हातभर आत सरके. शेजारचा उतार एके काळी राईचाच होता. आता तिथं नुसतं गवत. त्या उतारावर राईतल्याच बियांची रोपं लावून जंगल परत आणायचं, असं कोल्हापूरच्या आमच्या निसर्गप्रेमी मंडळानं ठरवलं आणि मामांना राखणीला ठेवलं. राखण त्यांनी केलीच, पण खरं म्हणजे ते आमचे मास्तर होते. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मी कोल्हापुरात वाढले, ती पत्रकांवर. वडील चळवळीतले. आमच्या घरी पाहुण्यांना बसायला जागा करायची तर आधी पत्रकांचे गठ्ठे उचलावे लागत. मी वाचायला शिकले तेच 'बंधूंनो आणि भगिनींनो' पासून. त्यामुळे एखादी गोष्ट छापून चौकाचौकात वाटली की निम्मं काम झालं, असं मला मनापासून वाटे. उतारासाठीही मी पत्रकं काढली: जंगल का हवं, वणवा कुणाच्या पापाचा, आपण गप्प का. मामा प्रत्येक पत्रक दोन्ही हातांनी घेत, घडी घालून खिशात ठेवत. मला भरून येई. एकदा त्यांच्या पडवीत गेले तर माझी सगळी पत्रकं दोरीला ओळीनं टांगलेली. प्रत्येकात हिरड्याच्या बिया पुडी करून बांधलेल्या.

"मामा, हे वाचायचं असतं!"

"वाचलं की. सगळं वाचलं," मामा म्हणाले. "मग कागूद रिकामा झाला."

मामी चुलीपुढून हसल्या. मामींचं मामांशी एकच भांडण होतं, त्या नखावरून. दिवसभर साली खरवडून त्याच्या खाली हिरवं, काळं, मातकट काहीबाही साचे. मामा जेवायला आले की मामी ताट मागं ओढत. "आदी हात धुवा. ते नख घिऊन माझ्या भाकरीला शिवायचं न्हाय." मामा निमूट उठत. बाहेर जाऊन नख धूत, परत येऊन लहान पोरासारखा अंगठा दाखवत. मग ताट पुढं येई.

दिवाळी झाली की मामांचं अंगण सुरू होई. अंगण म्हणजे प्रत्येक रोपाभोवती दोन हात जागा गवत काढून उघडी करायची. नुसतं कापायचं नाही, मुळासकट खुरप्यानं काढायचं आणि ते गवत लांब नेऊन टाकायचं. "घराम्होरं अंगण आसतं, मग झाडाला का नगं?" असं ते विचारत. मला ते उघडं बोडकं बघवत नसे. डिसेंबरातच रोपं माना टाकायला लागली होती. मी बरंच वाचून, दोन जाणत्यांना विचारून एक पत्रक काढलं: 'रोपाला पांघरूण द्या.' वाळल्या गवताचा जाड थर बुंध्याशी घाला, ओल टिकेल. मंडळाच्या पोरापोरींनी वरच्या सगळ्या रांगांमध्ये गवत दाबून घातलं.

मामा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "पांघरूण झ्याक हाय," ते म्हणाले. "पर घरामागल्या परड्यात. डोंगरावर नगं."

"मामा, हे शास्त्र आहे."

खालच्या चार रांगा त्यांच्याकडं होत्या. तिथली अंगणं त्यांनी तशीच उघडी ठेवली आणि पाण्याची घागर खांद्यावर घेऊन दिवसातून एक जास्तीची फेरी सुरू केली. त्या वयात. मी ते बघत होते, आणि माझ्या रांगांमधली ओली माती मुठीत धरून त्यांना दाखवत होते.

मार्चमध्ये एका दुपारी उतार पेटला. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेले. सगळं काळं. त्या काळ्यावर माझ्या रांगांमध्ये मात्र पांढरी वर्तुळं दिसत होती, ओळीनं, कुणीतरी रांगोळीचे ठिपके काढावेत तशी. जिथं जिथं पांघरूण घातलं होतं, तिथं तिथं पांढरी राख. खालच्या रांगांमधली रोपंही काळी पडली होती, पानं करपून गळली होती, पण काड्या उभ्या होत्या.

मामा त्या पांढऱ्या राखेत बोट घालून बसले होते. आत अजून ऊब होती. "उबं गवात भुर्रकन जळतंय आन् फुडं जातंय," ते सावकाश म्हणाले. "दाबून घातल्यालं बसून जळतंय. मुळापाशी बसून." आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

राग माझ्याकडं भरपूर होता आणि तो मी दुसरीकडं नेला. काडी कुणी लावली हे गावाला ठाऊक होतं. खालच्या वाडीतले म्हशीवाले आण्णा. जुनं गवत जाळलं की पावसात कोवळं चांगलं येतं, म्हणून त्यांचे वडील जाळत, तसे ते जाळत. मी मामांच्या पडवीत बसून पत्रक लिहिलं आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मथळ्यातच आण्णांचं नाव होतं.

मामांनी पुरतं ऐकून घेतलं. "त्येचं नाव घालतीस तर घाल," ते म्हणाले. "पर खाली आपलं बी घाल. काडी त्येनं लावली, सरपण आपुन रचलं."

ते 'आपुन' म्हणाले. पांघरूण माझं होतं, तरी ते 'आपुन' म्हणाले. मी तो कागद फाडला. आठवड्यानं एक पत्रक काढलं, आजवरचं सगळ्यात लहान. त्यात आण्णांचं नाव नव्हतं. पांघरुणाची चूक कशी झाली, डोंगरावर ती कुणी का करू नये, आणि खाली माझं नाव. वडिलांनी ते वाचून चष्मा काढून पुसला आणि फक्त शुद्धलेखनाची एक चूक दाखवली.

मामा आण्णांच्या गोठ्यावर गेले, सोबत मलाही नेलं. "दिवाळीनंतर वरचं गवात माझ्यासंगं कापाय चल," ते आण्णांना म्हणाले. "भारं समदं तुझं."

"आन् कापाय माझी कंबर हाय व्हय?" आण्णा खेकसले.

"माझी हाय की. तू नुसता भारा उचल."

आण्णांनी माझ्याकडं, मग मामांकडं पाहिलं आणि चहा सांगितला. पुढं त्यांनी शब्द पाळला. पण तो बघायला मामा नव्हते.

त्याआधी मंडळानं वेगळंच ठरवलं. कुणा दात्यानं रोपवाटिकेतली ट्रकभर रोपं देऊ केली होती, भराभर वाढणारी, फोटोत छान दिसणारी. जळक्या काड्या उपटून पावसाआधी खड्डे मोकळे करायचे होते. एप्रिलच्या बैठकीला मामा कोल्हापूरला आले, धुतलेली टोपी घालून. अध्यक्ष सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "मामा, मेलेल्या काड्यांवर किती दिवस घालवायचे आपण?"

"शेंडा मेलाय, सायेब. खालचं कुणी बगितलंय?" मामा म्हणाले. "पाऊस लागल्यावर पंदरा दिस द्या. मग जे मेलं आसंल ते मी सोता उपटतो."

उत्तर म्हणून सरांनी 'बघू' म्हटलं. परतीच्या एसटीपर्यंत मी मामांना सोडायला गेले. माझी नखं कुरतडून संपलेली त्यांनी पाहिली आणि म्हणाले, "येक तर ठेव गं. लागंल."

मे महिन्यात मामा गेले. दुपारी उतारावरून आले, पडवीत पडले, ते उठलेच नाहीत. दिवसकार्य उरकेपर्यंत मी गावातच होते. परत आल्यावर सरांचा फोन आला: वाईट झालं, पण आता मामाही नाहीत, ट्रक पुढच्या आठवड्यात येतोय. मी म्हटलं, "सर, पंधरा दिवस मामांनी मागितले होते, पण ते रोपांसाठी होते. मामा गेले, रोपं अजून तिथंच आहेत. ट्रक आला तर मी उतारावर आडवी होईन." वडिलांच्या सगळ्या चळवळीतलं मला तेव्हा एवढंच आठवलं. मग सर म्हणाले, "पंधरा. सोळावा नाही."

पाऊस लागल्यावर चौदाव्या दिवशी मी गेले. अंगठ्याचं नख तोवर बऱ्यापैकी वाढलं होतं. आधी माझ्या रांगा पाहिल्या. शेंड्याशी खरवडलं, तपकिरी. बुंध्याशी खरवडलं, तपकिरी. काड्या हातात येत होत्या, खाली मूळच नव्हतं. वरपासून शेवटपर्यंत एकही नाही. मी प्रत्येक काडी तपासली. तेवढं तरी मी त्यांचं देणं लागत होते.

मग खाली उतरले. मामांच्या रांगेतली पहिली काडी अंजनीची. मेलेली. दुसरी अंजनीचीच, तीही मेलेली. तिसरा हिरडा. शेंडा तपकिरी, मध्यावर तपकिरी. मी चिखलात गुडघे टेकले आणि माती सारून अगदी बुंधा मुळाला मिळतो तिथं नख लावलं. पोपटी. पुढच्या जांभळाला खरवडावंच लागलं नाही. काळ्या काडीच्या पायथ्याशी, उघड्या अंगणात, तांबूस रंगाची दोन पानं वर आली होती. तरीही मी त्याला नख लावून पाहिलं. सगळी जगली नव्हती. अंजनी जवळपास साऱ्याच गेल्या होत्या. पण चार रांगांमध्ये इतकी जिवंत होती, की ट्रकसाठी तिथं जागा नव्हती.

मी तशीच मामींकडं गेले. अंगठा पुढं केला. नखाखाली हिरवं आणि काळं साचलं होतं. मामींनी माझा हात धरून चुलीच्या उजेडात नेला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी ताट घेतलं, भाकरी वाढली, आणि माझ्यापुढून मागं ओढलं.

"आदी हात धू," त्या म्हणाल्या.