बोलून झाल्यावरचे दहा मिलिसेकंद

"अक्का, पाणी तिसऱ्या पायरीवर आलं, नोडी, बघा! तुमची स्क्रीन मात्र सकाळचाच आकडा धरून बसलीय."

टी. नरसीपूर गावच्या घाटावरून प्रकाश फोनवर ओरडत होता. तो आमचा फील्ड इंजिनियर. घरचं शिलाईचं दुकान, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. मी म्हैसूरला, जयलक्ष्मीपुरमच्या ऑफिसात. अमावास्येची स्नानाची गर्दी होती आणि वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. पाणी धोक्याच्या खुणेपर्यंत चढलं की आमच्या यंत्राने भोंगा वाजवायचा. तो वाजणार नव्हता, कारण नदी चढल्याचं यंत्राला ठाऊकच नव्हतं.

"लोकांना वर काढ."

"ऐकतात कुठे? म्हणतात, भोंगा वाजला की येतो. माझी आईच पाण्यात उभी आहे अक्का, तीही हेच म्हणते."

मी इथूनच घाटावरच्या यंत्रातल्या बोर्डावर लॉगिन केलं. पातळी मोजणारा सेन्सर बोर्डाशी सिरियल पोर्टवरून बोलतो. तारांची जोडी एकच, म्हणून एका वेळी एकानेच बोलायचं, वॉकीटॉकीसारखं. बोर्ड प्रश्न विचारतो, बटण सोडतो, मग उत्तर ऐकतो. उत्तरं येत होती, पण प्रत्येकाची सुरुवात गायब. प्रोग्राम ती अर्धवट उत्तरं टाकून देत होता आणि शेवटचं धड उत्तर दाखवत होता. प्रकाशने सकाळी जुना सेन्सर काढून नवा बसवला, त्याच्याही आधीचं.

सुरुवात गायब, म्हणजे बोर्ड उशिरा ऐकायला लागतोय. मी डिव्हाइस ट्रीची फाइल उघडली. बोर्डावर कुठला पोर्ट आहे, कुठल्या पिनांवर आहे, तो कसा चालवायचा, हे लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामला, आपोआप कळत नाही. या फाइलीत लिहून द्यावं लागतं. आमच्या धंद्यात ती कोणी कोरी लिहीत नाही. मागच्या बोर्डाची उचलायची, लागेल तेवढी बदलायची. तिच्यातून एक ओळ तशीच आली होती: बोलून झाल्यावर दहा मिलिसेकंद बटण दाबून ठेव. जुना सेन्सर सावकाश उत्तर द्यायचा, त्याला ते चालून गेलं. नवा त्या दहाच्या निम्म्यातच बोलायला लागतो, तेव्हा बोर्डाचं बटण अजून दाबलेलंच असतं.

दहाचं शून्य केलं. पण ही फाइल कर्नल सुरू होतानाच वाचतो. म्हणजे रीबूट. आणि फाइलीत काही चुकलं, तर बोर्ड उठतच नाही.

आमचे बॉस मूर्ती सर मागे येऊन उभे राहिले. "क्लायंट तिकडे घाटावर, प्रकाशशेजारी स्क्रीनसमोर बसलाय. गर्दी सरू दे, मग कर."

"सर, स्क्रीन खोटं बोलतेय."

"आणि हे त्याला सांगणार कोण?"

मी प्रकाशला फोन क्लायंटच्या हातात द्यायला सांगितलं. "सर, तो आकडा जुना आहे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतेय. तोवर भोंगा नाहीच असं समजा. पोलिसांना सांगून पायऱ्या रिकाम्या करा."

"हे आत्ता सांगताय मॅडम?"

"आत्ताच कळलं."

पलीकडे शिट्ट्या सुरू झाल्या. मी फाइल परत एकदा वाचली आणि रीबूट दिलं. कनेक्शन तुटलं. कर्सर नुसता लुकलुकत होता. मी पुन्हा पुन्हा लॉगिन करून बघत राहिले. शेवटी ते लागलं.

आकडा बदलला. एका झटक्यात खुणेच्या वर गेला. आणि फोनमधून भोंगा ऐकू आला, इतका मोठा की मी फोन कानापासून लांब धरला.

"आई वर आली अक्का," प्रकाश म्हणाला. "ओल्या लुगड्यात उभी राहून मलाच शिव्या देतेय. आधी का नाही वाजवलास म्हणते!"

मूर्ती सर आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

आता सेन्सरकडून धड उत्तर आलं नाही तर आमची स्क्रीन जुना आकडा दाखवत नाही, आडवी रेघ दाखवते. क्लायंट लोकांना ती आवडत नाही, यंत्र बिघडल्यासारखं दिसतं म्हणतात. मी ती काढू देत नाही. रेघ दिसली की माणूस उठून नदीकडे बघतो.