मांडीवरची वेल मानेवर

"बायजा, तुझ्या सुनेला, दामिनीला हे वाचून दाखवायला सांग, आणि मधे मधे बोलू नकोस. तुझ्या मानेची गोष्ट लोक भलतीसलती सांगतात. म्हणून एकदाची नीट लिहून टाकते."

एवढं लिहून शकुंतलाबाईंनी चष्मा पुसला. हिंगणीच्या शाळेतून निवृत्त झाल्या, तरी चुकीचं सांगितलेलं त्यांना खपत नसे. खरी गोष्ट अशी.

बायजा जंगलातून मोळ्या आणून शकुंतलाबाईंच्या दारी विकणारी गोंड बाई. चौऱ्याण्णव साली चिमणीत रॉकेल ओतताना भडका उडाला आणि हात, छाती, गळा भाजला. जीव वाचला, पण जखमा भरताना कातडी अशी आकसली की हनुवटी छातीला चिकटली. डोक्यावर मोळी ठरेना. समोरच्या माणसाचे पाय तेवढे दिसत.

वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, आकसलेली कातडी कापून मान मोकळी करू, तिथे मांडीची कातडी लावू. बायजा म्हणाली, "नाई." सालभर तेच.

"भितेस का?" एक दिवस शकुंतलाबाई तडकल्या.

"भेवाचं काय त्यात? हातावरचं गोंदण जळालं, छातीवरचं जळालं. मांडीवरची वेल तेवढी राह्यली. सोनंनाणं इथंच राह्यते बाई, मेल्यावर गोंदण तेवढं संगं येते. तेही कापू देऊ?"

 बाईंनी सरळ डॉक्टरांना गाठलं.

"जाडसर कातडी घेतली तर वेल जाणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पुसट होईल, जागा बदलेल. पण मानेला निम्मीच वेल लागेल, बाकीची मांडीवरच राहील."

"म्हंजे मांडीवरची मानेवर?" बायजा म्हणाली. "आजवर आमच्या बुढ्यानंच पाह्यली होती. आता सारं गाव पाहीन."

पण अंगठा दिला.

ऑपरेशननंतर कित्येक महिने गळ्यात पट्टा, तेलाची मालिश आणि डॉक्टरांच्या नावानं शिव्या. पट्टा सुटला त्या दिवशी तिनं मान वर करून बाईंकडे निरखून पाहिलं.

"बाई, तुमी बुढ्या झाल्या."

पुढे दहाएक वर्षांनी हातावरचे जाड व्रण खाजून खाजून झोप येऊ देईनात, तेव्हा बाईंनी तिला लेझरसाठी नागपूरला नेलं. काही खेपांत व्रण मऊ पडले, खाजही बरीच गेली. तिथला तरुण डॉक्टर गळ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, हे निळे डागही काढून टाकू का?"

"डाग नोहे बापू. शिदोरी हाये माझी."

परतताना बसमध्ये तिनं पदर सारून गळा चाचपला. मग म्हणाली, "अर्धी मानेवर, अर्धी मांडीवर. वर गेल्यावर माय अशा तुटक्या वेलीवरून वळखन का मले? तुमचं माहेर आष्टीचं. तिथल्या बाजारात गोंदणारीन बसते, तिले घेऊन येजा. मांडीवर खाली कोरी जागा हाये, तिथं वेल पुरी करून घेतो."

बाई आष्टीला गेल्या. गोंदणारणीच्या जागी बॅटरीच्या मशीननं बदाम आणि नावं काढणारा एकजण बसला होता. त्याला आणू का, असं विचारल्यावर बायजानं नाक मुरडलं.

"मशीनवाला काऊन? सुईवालीच पाह्यजा."

"पाहते," बाई म्हणाल्या.

वेल अजून अर्धीच आहे.