शालनला मी उठवलं नाही

पडदा पडला, टाळ्या सुरू झाल्या आणि मी शालनला कोपराने ढोसलं. "उठ गं बाई, संपलं नाटक. आज बरी सापडलीस!" ती माझ्या अंगावर कलंडली. डोळे अर्धवट उघडे, हात गार. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी ओरडले, तर पुढच्या रांगेतल्या बाईला वाटलं मी नटांना दाद देतेय. ती वळून माझ्याकडे बघून हसली.

बोरिवलीच्या नाट्यगृहात रविवारी चारच्या प्रयोगाला हे झालं. आता महिना होऊन गेला. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, अर्धा-पाऊण तास तरी झाला असावा. अर्धा-पाऊण तास म्हणजे दुसऱ्या अंकात नवरा कपाटात लपतो आणि सासरा त्याच कपाटाला टेकून बसतो, तिथे. सगळं नाट्यगृह हसत होतं. मीही हसत होते...

शालन आणि मी गिरणगावात एकाच चाळीत नांदायला आलो. दोघींचे नवरे एकाच गिरणीत. गिरणी बंद पडली, चाळ सुटली, ती बोरिवलीला गेली आणि मी अंधेरीला. नवरा वारल्यावर ती दोन वर्षं घरात बसून होती. मग दोन्ही गुडघे बदलून घेतले आणि सुटलीच. गेल्या दीड वर्षात एक महिना नाटकाशिवाय गेला नाही. पेपरातल्या जाहिरातींवर पेनने खुणा करायची आणि मला फोन करून हुकूम सोडायची, "रविवारी ये. साडी बरी नेस." मला नाटकाचं वेड नाही. चौथी शिकलेली बाई मी, मला त्यातलं निम्मं कळत नाही आणि गार हवेत काळोख झाला की डोळे मिटतात. मग ही चिमटा काढायची आणि चिडून गावच्या मालवणीत सुरू व्हायची. "निजलंस काय गो? उठ, त्येंका वरसून सगळा दिसता!" नटांना वरून दिसतं म्हणे. माझा डावा दंड दीड वर्ष काळानिळा होता. शिवाय परतताना रिक्षात सगळं नाटक मला पुन्हा सांगायची आणि टोमणेही मारायची, "तुला काय, घोरायला गादी असली की झालं."

एकदा प्रयोगानंतर मला ओढत रंगपटात घेऊन गेली. साडेसातच्या मालिकेत दुष्ट सासू होणारी बाई त्या नाटकात होती. बिचारी तोंड पुसत बसलेली. शालनने तिचा हात धरला आणि म्हणाली, "बाई, सुनेला जरा जेवायला तरी घाल. चार दिवस उपाशी आहे पोर." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाई हसली, "सांगते हं लेखकाला." पुढच्या आठवड्यात मालिकेतली सून खरंच ताटावर बसली. जाहिराती लागल्या आणि माझा फोन वाजला. "बघितलंस? माझ्यामुळे जेवली." जाहिराती लागल्या की तिचा फोन यायचाच, रोज. मालिका सुरू झाली की निरोप न घेता ठेवून द्यायची.

त्या रविवारी मध्यंतरात मी दोन वडे आणले. ती म्हणाली, "नको गं, छातीत जळजळतंय." मी म्हटलं, "सकाळी तिखट सार ओरपलंस ना, जळजळणारच." दोन्ही वडे मीच खाल्ले. दुसरा अंक सुरू झाला. थोड्या वेळाने बघते तर हिची मान छातीवर. दीड वर्षात पहिल्यांदा! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. चिमटा काढायला हात उचललासुद्धा, आणि परत घेतला. म्हटलं झोपू दे. शेवट चुकू दे हिचा. आज रिक्षात मी नाटक सांगणार आणि ही ऐकणार. काय काय बोलायचं ते मनात जुळवत बसले. म्हणून तर मला झोप आली नाही.

तिचा मुलगा महेश इस्पितळात मला विचारत होता, "काकू, तुम्ही शेजारीच होतात ना? तुम्हाला काहीच कळलं नाही?" मी म्हटलं, "काळोख होता रे." ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. तिची मान मला दिसली होती. डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. म्हणजे वाचलीच नसती, असं काही ते म्हणाले नाहीत. मी नीट ऐकलंय. महेश, तुझ्या आईला मी उठवलं नाही. तोंडाने सांगायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिते. तुला काय म्हणायचं ते म्हण.

साडेसातची मालिका मी अजून लावते. सून आता घर सोडून गेलीय. जाहिराती लागल्या की माझा हात आपोआप आवाज कमी करतो, फोन ऐकू यावा म्हणून. फोन वाजत नाही. जाहिराती संपतात, मी आवाज वाढवते.

त्या नाटकाचा शेवट मला पाठ आहे. नवरा कपाटातून बाहेर येतो, सासरा त्याला मिठी मारतो, पडदा. जन्मात पहिल्यांदा मी अख्खं नाटक जागी राहून पाहिलं. शालन माझ्या डाव्या हाताला होती.