तिसऱ्या चढाईला जावई

आमच्या घरात जावयाचे पाय दोनदा धरतात. एकदा लग्नात, धुवायला. आणि मग दर माघात, कबड्डीच्या सामन्यात, खेचायला.

हे दुसरं काम माझं. भात निघालेल्या शेतात आमचं कोंडाणे आणि बहिणीचं सासर पोशीर यांचा सामना होतो. आमच्या संघात सगळी भावकी, डाव्या कोपऱ्यात मी. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा माझ्या हाती लागला की तो सहसा सुटत नाही. (दोनदा सुटला. पण ते घोटे घामेजलेले होते.)

आणि कुणीतरी नियमच बदलला! सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण घ्यायचाच. नाहीतर चढाई करणारा आपोआप बाद. मग त्या तिसऱ्या चढाईला आम्ही करायचं काय? काही नाही. हातात हात घालून मागे सरकायचं आणि त्याची वेळ संपायची वाट बघायची. याला म्हणे बचाव! अहो, आयुष्यभर घोटे धरलेल्या माणसानं वरात बघितल्यासारखं उभं राहायचं?

"दादा, तिसऱ्या चढाईला हात लावायचा नाय," आमचा कप्तान संतोष म्हणाला. हा माझा धाकटा भाऊ, पकड माझ्याकडूनच शिकलेला. "एकदा जरी पुढं गेलास, तर पुढल्या वर्षी बाहेर."

सरावात घोटा दिसला की माझे हात आपोआप जायचे. शेवटी त्यानं माझ्या कमरेला दावं बांधून दुसरं टोक म्हशीच्या खुंट्याला अडकवलं. म्हैस मोकळी, मी बांधलेला. आळीतली माणसं बघायला यायची. संताप संताप व्हायचा, पण कोपरा जाईल या भीतीनं मी शिकलो.

सामन्याच्या दिवशी अखेरपर्यंत बरोबरी. शेवटची चढाई पोशीरची, नेमकी तिसरी, आणि आले कोण, तर आमचे दाजी. ते रिकामे परतले की ढाल आमची.

दाजींनी माझ्यासमोर पाय नाचवला. घोटा वीतभर अंतरावर! मी दात आवळून उभा. संतोषनं माझा हात दाबला, म्हणजे शाबासकी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वेळ संपत आली, दाजी मागे वळले आणि मध्यरेषेजवळ ढेकळाला अडखळून सपशेल आडवे झाले.

कडेला पहिल्या रांगेत आई बसली होती.

"अरं, बघतोस काय? जावई पडलं ना! हात दे त्यांना."

झालं. आमच्या दारी जावई पडलाय आणि आपण नुसते उभे? मी साखळी सोडून धावलो आणि चांगले दोन्ही हात पुढे केले. दाजींनी ते घट्ट धरले आणि झोपल्या झोपल्याच एक पाय मध्यरेषेपलीकडे टाकला. पंचांची शिट्टी वाजली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की पडल्यापासून दाजींच्या तोंडात 'कबड्डी कबड्डी' चालूच होतं. लागलेला माणूस 'आई गं' म्हणतो!

मी पंचांशी तावातावानं भांडलो. हा खेळ नव्हता, पाहुणचार होता, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, नियमात नातं बघत नाहीत. तिकडे आई पदरानं दाजींची पाठ झटकत होती, आणि बहीण पोशीरकरांत बसून पोट धरून हसत होती. संध्याकाळी मटणातली नळी दाजींच्या ताटात वाढायची वेळही माझ्यावरच आली.

संतोषनं शब्द पाळला. पुढल्या माघात त्यानं मला मैदानाबाहेर, आईशेजारी बसवलं. काम एकच दिलं होतं: दाजी पडले, तर आईला धरून ठेवायचं.

दाजी पडले. आईही माझ्या हातून सुटली.