अशक्तपणाचा रकाना

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्या सुमारालाच पावसानं पाठ फिरवली. मी तिथल्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठीच्या खिडकीवर कारकून होतो. नाव, गाव, वय, तक्रार लिहायची आणि महिनाअखेरीला तक्ता वर पाठवायचा, एवढंच काम. त्या उन्हाळ्यात म्हातारी माणसं लई यायला लागली. टँकरपाशी घागर उचलताना डोळ्यांपुढं अंधारी, दम, चक्कर. मी सगळ्यांना एकाच रकान्यात घालायचो: अशक्तपणा. दुष्काळ होता, दुसरं काय असणार! आणि येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "साहेब, एक सलाईन लावायला सांगा, बरं वाटतंय."

मुरुडहून माझ्याकडं आलेल्या आईलाही दम लागायला लागला. दवाखान्यातला माणूस म्हणून मी रुबाबात तिला बाटली लावून घेतली. संध्याकाळपर्यंत तिला आडवंच होता येईना. नव्या डॉक्टरीण बाईंनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं.

"हृदयाची झडप आवळलीय हिच्या. असल्या हृदयाला जादा पाणी झेपत नाही. सलाईन कुणी लावायला सांगितलं?"



ऑपरेशन तेव्हा मुंबईला. आई म्हणाली, "न्हाई बाबा, मला कुठं न्हेऊ नकोस." बाईंनी बजावलं, हिनं घागर उचलायची नाही. मग माझं रजिस्टर ओढून घेऊन त्यांनी बोट ठेवलं. "ह्यातल्या किती जणांची छाती कुणी ऐकलीय?" मी त्या माणसांना गावोगावी पत्रं टाकली, छाती तपासायला या म्हणून. आले त्यातल्या काहींच्या छातीत तोच आवाज निघाला. मी लाल पेन्सिलनं झडपेचा नवा रकाना आखला. वरच्या साहेबांनी तक्ता परत पाठवला, छापील नमुन्यात असला रकाना नाही म्हणून. असा संताप आला होता!

माझं कामात ध्यान लागेना. टँकरचा भोंगा ऐकला की खिडकी सोडून घराकडं पळायचो. आई उंबऱ्यात बसलेली असायची. "काय जीव घेतोस रे! बसूनच हाय की मी." मग परत पळत खिडकीवर. शेजारच्या खालाला, म्हणजे मुसलमान मावशीला, सांगून ठेवलं होतं, हिच्यावर नजर ठेवा.

एकदा महिनाअखेरीचा तक्ता करत होतो. साहेबांच्या हुकमाप्रमाणं झडपेची माणसं पुन्हा अशक्तपणात टाकत होतो. त्या गडबडीत भोंगा ऐकूच आला नाही. खिडकीशी एक रिक्षावाला धापा टाकत आला.

"साहेब, चिठ्ठी द्या लवकर. म्हातारी टँकरपाशी पडली, डोळेच उघडंना."

मान वर न करता मी लिहायला घेतलं. चक्कर. अशक्तपणा.

"नाव काय?"

"मला काय ठावं, साहेब. एका खालानं रिक्षात घातली. म्हणली, नाव खिडकीवरल्या कारकुनाला विचार, त्याचीच आई हाय."