पाडसाची बाटली आणि माझा हट्ट

देवावर माझी श्रद्धा लहानपणापासूनची, पण त्या आठवड्यात ती चांगलीच डळमळली. दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. माझे यजमान वनरक्षक. नागझिऱ्याच्या कडेला, गावाच्या टोकावर आमचं क्वार्टर. कुत्र्यांनी चितळाची मादी मारली आणि तिचं पाडस यजमानांनी उचलून आणलं. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत सांभाळा, असा साहेबांचा निरोप आला. सांभाळायचं कोणी, तर मी!

डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, डब्याची पावडर नको, गाईचं दूध पातळ पडेल, बकरीचं मिळतं का बघा. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आमच्या घरात बकरी म्हणजे जंगलाची वैरीण. रोपवनातून बकऱ्या हाकलण्यातच यजमानांचा अर्धा दिवस जायचा. शिवाय माझ्या बाळकृष्णाला रोज गाईच्या दुधाचा नैवेद्य. देवाला चालतं ते पाडसाला चालू नये? वर आणखी शहाणपण म्हणून, तान्ह्या बाळाला देतात तसं मी गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून बाटलीनं पाजत होते.

तिसऱ्या दिवशी त्याला हगवण लागली. डोळे खोल गेले, मान उचलेना. डॉक्टरांचा फोन लागेना. मी देवघरापुढे बसून रडले. तुझ्या मनात असेल तसं कर, पण याला वाचव, म्हणाले. तेवढ्यात अंगणात बकऱ्या ओरडल्या. काठी घेऊन तणतणत बाहेर आले, तर बकऱ्यांच्या मागे एक अनोळखी म्हातारी उभी. तिला प्यायला पाणी हवं होतं. पाणी पिता पिता तिची नजर ओसरीतल्या पाडसावर गेली.

"याले काय पाजून राहिली वो बाई?"

"गाईचं. पाणी टाकून."

"पाणी कायले? याच्या मायचं दूध घट्ट राहते. आज दूध बंद कर. मीठ-साखरेचं पाणी दे, थोडं थोडं. उद्यापासून बकरीचं दे, निरं, पाणी नोको टाकू."

माझ्याच लोट्यात तिनं दूध काढून दिलं, उकळून ठेव म्हणाली आणि बकऱ्या घेऊन निघून गेली. मी हातातली काठी कोपऱ्यात ठेवली.

दोन दिवसांनी पाडस उभं राहिलं. लटपटत माझ्यामागे चुलीपर्यंत आलं, तेव्हा मला रडूच फुटलं. पुढचं दूध आणायला यजमानांना, ज्याच्या बकऱ्या ते हाकलायचे त्याच्याच दारी जावं लागलं. त्यानं हसत दिलं. म्हातारीची चौकशी केली, पण तिला कोणी ओळखेना. सौंदडकडून कोणाकडे पाहुणी आली असेल, असं यजमान म्हणतात. असेलही. मी वाद घालत नाही.

एवढंच कळलं, की तोंडानं मी 'तुझ्या मनात असेल तसं' म्हणत होते आणि बाटलीत मात्र माझ्याच मनातलं भरत होते. देवानं डॉक्टरांच्या तोंडून एकदा सांगून पाहिलं, मी ऐकलं नाही. मग त्याला बकऱ्या घेऊन दारात यावं लागलं, असं आपलं मला वाटतं.

म्हातारी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडसाची बाटली भरल्यावर लोट्यात तिच्या बकरीचं घोटभर दूध उरलं होतं. मी ते बाळकृष्णाच्या वाटीत ओतलं आणि हात जोडले.